अलाफिन अबिओदुन : ओयोच्या वैभवाचा अखेरचा धनी

आमच्या घरी सारीपाटाच्या कवड्यांची एक जुनी पिशवी आहे. नोकरीतील बदल्यांबरोबर ती तीन-चार प्रांतांतून हिंडली. सारीपाट मात्र वाटेत कोठेतरी मागे राहिला. कवडी म्हटली की आम्हां मराठी माणसांस कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी असे शब्द आठवतात. फार तर भवानीच्या भुत्याच्या गळ्यातील माळ डोळ्यांपुढे येते. परंतु मालदीव बेटांच्या किनाऱ्यावर वेचलेली हीच कवडी एके काळी बंगालच्या बंदरांतून व सिंहलद्वीपातून डच आणि इंग्रज जहाजांच्या तळाशी नीरम म्हणून भरली जाई, ॲमस्टरडॅम व लंडन येथे तिचा लिलाव होई, आणि तेथून ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलन म्हणून उतरे, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरा कळली. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या तिकडे गेल्या. तेथे ४० कवड्यांची एक माळ, ५० माळा म्हणजे २,००० कवड्यांचा एक जुडगा, आणि दहा जुडगे म्हणजे २०,००० कवड्यांची एक गोण, असा हिशेब चाले. या गोणी कोणाच्या कोठारात जात होत्या याचा शोध घेता घेता आमची एका राजाशी गाठ पडली. त्याचे नाव अबिओदुन. योरुबा लोकांच्या ओयो राज्याचा तो अलाफिन होता. १७७४ पासून १७८९ पर्यंत राज्याची सत्ता खऱ्या अर्थाने त्याच्या हाती होती.

आम्हांस शाळेत जो जगाचा इतिहास शिकविला गेला, त्यात आफ्रिकेच्या वाट्याला दोनच प्रकरणे आली होती : एक पिरॅमिडांचे व दुसरे युरोपीय प्रवाशांच्या शोधांचे. मधल्या काळात त्या खंडात राजे होते, मंत्रिमंडळे होती, राजा आणि प्रधान यांच्यामधील सत्तेचे झगडे होते, हे आमच्या गावीही नव्हते. म्हणून अबिओदुनाची कथा सांगण्यापूर्वी त्याचे राज्य कसे होते ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

आजच्या नायजेरियाच्या पश्चिम भागात, दाट अरण्याच्या उत्तरेस जेथे गवताळ माळ सुरू होतो, तेथे ओयो-इले हे राजधानीचे शहर होते. हौसा लोक त्यास कटुंगा म्हणत. माळरानाचा प्रदेश असल्यामुळे ओयोचे बळ घोडदळात होते. घोडे उत्तरेकडून विकत घ्यावे लागत. दक्षिणेच्या अरण्यात त्सेत्से माशीच्या दंशाने ते टिकत नसत. त्यामुळे ओयोचा विस्तार नैर्ऋत्येस जेथे अरण्य विरळ होत समुद्रापर्यंत मोकळी वाट देते त्या बाजूस झाला. पश्चिमेकडील दाहोमीच्या बलाढ्य राज्यावर ओयोच्या घोडेस्वारांनी वारंवार स्वाऱ्या केल्या आणि १७३० साली व पुन्हा १७४८ साली त्यास खंडणी मान्य करावयास लावली. पुढे सुमारे पाऊण शतक दाहोमीकडून माणसे, बंदुका, कापड, पोवळी आणि कवड्या यांच्या रूपाने ही खंडणी ओयोकडे येत राहिली.

परंतु आम्हांस विस्मय वाटला तो या राज्याच्या घटनेचा. अलाफिन याचा शब्दार्थ 'प्रासादाचा धनी'. तो देवांचा सोबती मानला जाई, वर्षातून ठराविक सणांखेरीज लोकांस दिसत नसे. त्याची आज्ञा घेऊन जाणारे जासूद, ज्यांस इलारी म्हणत, ते डोक्याचा अर्धा भाग मुंडून फिरत, आणि त्या अर्ध्या मुंडणापुढे गावोगावचे मुखी वाकत. इतके असूनही राजा स्वतंत्र नव्हता. त्याची निवड ओयो मेसी नावाचे सात सरदारांचे मंडळ करी. त्या मंडळाचा प्रमुख बशोरुन. दरसाल एका गुप्त विधीत हा बशोरुन राजाच्या अदृश्य प्रतिरूपास कौल लावी आणि राजाचे दैव त्याच्यावर प्रसन्न आहे की नाही हे ठरवी. कौल विरुद्ध गेला, किंवा राजा जुलमी ठरला, तर देव, प्रजा आणि धरणी या तिघांनीही त्यास नाकारले आहे असे बशोरुनाने जाहीर करावयाचे. रिकामा भोपळा किंवा पोपटाची अंडी राजाकडे पाठविली जात. त्याचा अर्थ राजास ठाऊक असे. त्याने स्वहस्ते देह ठेवावयाचा. पदच्युत होऊन जिवंत राहण्याची सोय नव्हती.

मात्र सरदारांच्या हाती हे भयंकर शस्त्र देताना योरुबांच्या पूर्वजांनी त्यास दोन मुसक्याही बांधल्या होत्या. राजाबरोबर ओयो मेसीपैकी एकास मरण पत्करावे लागे. म्हणजे राजाच्या मृत्यूचा निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीतही एक रिकामी जागा पडे. आणि धरणीमातेची उपासना करणारे ओग्बोनी नावाचे वडीलधाऱ्यांचे एक गुप्त मंडळ सरदारांवर नजर ठेवून असे. यांखेरीज सेनापती, ज्यास आरे ओना काकान्फो म्हणत, तो राजधानीबाहेर प्रांतात राहत असे. राजा, सरदार, वडीलधारे आणि सेनापती असे चार खांब एकमेकांस तोलून धरीत होते. कोणाही एकाच्या सद्गुणावर राज्याचा भार ठेवू नये, हे शहाणपण त्या रचनेत आहे.

घटना कितीही शहाणपणाने रचलेली असो, तिच्यातील एक खांब बळकावून बाकीच्यांस वाकविणारा माणूस निपजतोच. ओयोत तो १७५४ साली निपजला. त्याचे नाव गाहा. बशोरुनपद हाती येताच त्याने राजास नाकारण्याच्या अधिकाराचा उपयोग धर्मनिर्णयासाठी न करता व्यवहारासाठी केला. एका राजपुत्रास तर राज्याभिषेक पुरा होण्यापूर्वीच मरण जवळ करावे लागले. दुसरा जेमतेम चार महिने गादीवर राहिला. तिसरा अगबोलुआजे, त्याच्या कारकीर्दीत काही काळ स्वस्थता होती, परंतु आपल्या एका मित्रराजावर विनाकारण स्वारी करण्यास तो मनापासून राजी नव्हता, हेच त्यास भोवले. चौथा माजेओगबे. त्याने गाहाचा काटा काढण्याचा यत्न केला आणि तोही गेला. गाहाने पाच राजे गादीवर बसविले, त्यांपैकी चौघांस मारले आणि पाचव्याने त्यास मारले, असा या वीस वर्षांचा गोषवारा योरुबा परंपरा सांगते.

या काळात गाहाचे मुलगे व नातलग प्रांतोप्रांती जाऊन बसले. जी खंडणी राजधानीस यावयाची ती त्यांच्या घरी जाऊ लागली. अलाफिन प्रासादात होता, छत्र होते, वाद्ये वाजत होती. परंतु कोठार रिकामे होते. ज्याच्या नावाने कागद निघतो तो एक आणि ज्याच्या इच्छेने निघतो तो दुसरा, ही अवस्था आम्हां कारकुनांस नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही.

अबिओदुन हा यातला पाचवा. गादीवर आल्यावर त्याने पूर्वीच्या चौघांची चूक केली नाही. रोज सकाळी तो स्वतः गाहाच्या घरी जाऊन त्यास मुजरा करीत असे आणि खर्चास लागणारे द्रव्यही त्याच्याच हातून घेत असे. राजाने प्रधानास लोटांगण घालावे हे पाहून शहरातील लोकांनी माना खाली घातल्या असतील. पण या नम्रतेमुळे गाहा निर्धास्त राहिला. पुढे जे घडले ते परंपरेने असे सांगितले आहे. अबिओदुनास अगबोन्यिन नावाची लाडकी मुलगी होती. अगबोन्यिन हा शब्द एका जातीच्या हरणाचाही वाचक आहे. गाहास एका मंत्रप्रयोगासाठी ते हरीण हवे होते. ते वेळेवर मिळाले नाही, तेव्हा नाव तेच आहे म्हणून राजाची मुलगी पकडून नेली आणि तिचा बळी दिला. कथेतील शब्दश्लेष पाहता लोकांच्या कल्पनेने तीत भर घातली असेल असे म्हणावयास जागा आहे. परंतु ती कथा ज्या सत्यावर उभी आहे ते असे की, ओयोच्या राजास आपली मुलगी वाचविण्याइतकीही सत्ता उरली नव्हती.

त्यानंतर अबिओदुन एका रात्री वेष पालटून प्रासादाबाहेर पडला. आधी त्याने प्रांतातील एका विश्वासू मुख्याची गाठ घेतली, आणि मग तो अजासे येथे काकान्फो ओयाबी याच्याकडे गेला. तेथे बेत ठरला. ठरल्या दिवशी प्रांतोप्रांती गाहाच्या माणसांवर एकदम हत्यार चालले, आणि प्रांतांच्या फौजा ओयाबीच्या हाताखाली राजधानीवर चालून आल्या. गाहा तोपर्यंत म्हातारा झाला होता, पायांनी अधू झाला होता. त्याचा वाडा जळाला आणि त्यास जाहीरपणे, अत्यंत क्रूर रीतीने मारण्यात आले. हे वर्ष १७७४. त्याच वर्षी पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि बारभाईंनी राज्यकारभार हाती घेतला होता. काळाचा अंदाज यावा म्हणून ही आठवण. दुष्टपणाची धमक असणाऱ्याने गाहाचा शेवट आठवावा आणि सरळ वाटेने चालावे, अशा अर्थाची म्हण योरुबा भाषेत अजून आहे. अडेबायो फालेती या लेखकाने गाहावर लिहिलेले योरुबा नाटकही प्रसिद्ध आहे.

गाहाच्या मृत्यूनंतरची पंधरा वर्षे हे अबिओदुनाचे खरे राज्य. योरुबा लोकस्मृतीत हा सुवर्णकाळ आहे : त्या दिवसांत कवड्या मोजीत बसण्यास कोणास सवड नव्हती, त्या मापाने भरून द्याव्या लागत, असे जुने लोक सांगत. खंडणीचे प्रवाह पुन्हा राजधानीकडे वळले. अबिओदुनास युद्धापेक्षा व्यापार अधिक कळत होता. ओयोपासून नैर्ऋत्येस एगबादो प्रदेशातून समुद्राकडे जाणारा मार्ग त्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सुरक्षित केला आणि पोर्तो नोव्हो हे बंदर ओयोच्या व्यापाराचे दार बनविले. दाहोमीचा राजा क्पेंगला याची गादीवरील वर्षेही नेमकी १७७४ ते १७८९ हीच होती. त्याच्या मनात पोर्तो नोव्होवर हल्ला करावयाचा होता, तेव्हा अबिओदुनाने त्यास बजावले की, ते बंदर ही ओयोची थाळी आहे, तीत दुसऱ्या कोणी हात घालावयाचा नाही. क्पेंगला थांबला. १७८४ साली मात्र बादाग्री या प्रतिस्पर्धी बंदराचा दाहोमीच्या सैन्याने जो विध्वंस केला, तो ओयोच्या संमतीने. शेजाऱ्यास कोठे मोकळे सोडावे आणि कोठे आवरावे हे अबिओदुनास चांगले समजत होते.

येथवर वाचून वाचकांस वाटेल की, अन्यायी प्रधान मेला, न्यायी राजा जिंकला, कथा संपली. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु कवड्यांच्या ज्या गोणींपासून आम्ही आरंभ केला, त्यांच्याकडे पुन्हा वळले पाहिजे. त्या गोणींच्या मोबदल्यात ओयो काय देत होते? पोर्तो नोव्होच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या जहाजांस हवी होती ती माणसे. काही युद्धात धरलेली, काही उत्तरेकडील राज्यांकडून विकत घेतलेली. घोडे उत्तरेकडून येत, त्यांची किंमत चुकती करण्यासाठी समुद्रावरून आलेला माल उत्तरेकडे जाई, आणि समुद्रावरचा माल मिळविण्यासाठी माणसे दक्षिणेकडे जात. अबिओदुनाने सुरक्षित केलेला राजमार्ग तो हाच. त्या मार्गावर चोराचिलटांचे भय नव्हते. मात्र साखळीने बांधून चालविलेल्यांस ती निर्भयता काय कामाची? लोकांनी जे माप भरभरून कवड्या मोजल्या त्यांतील कित्येक कवड्या एखाद्या माणसाच्या आयुष्याच्या होत्या. क्पेंगलाचा उल्लेख करणारा दाहोमीचा इतिहास १७९३ साली लिहिणारा आर्किबाल्ड डाल्झेल हा स्वतः गुलामांच्या व्यापारात मुरलेला ब्रिटिश अधिकारी होता, आणि त्या व्यापाराचे समर्थन हाच त्याच्या लेखनाचा एक हेतू होता. ओयोच्या सुवर्णकाळाचे लेखी पुरावे बव्हंशी अशांच्या दप्तरांतून आलेले आहेत.

शिवाय सैन्याचे काय झाले? १७८३ साली उत्तरेकडील बोर्गूच्या राज्याने ओयोच्या फौजेचा पराभव केला. दक्षिणेकडील एगबा लोकांनी लिसाबी नावाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली ओयोचे जू झुगारून दिले. या बंडाची रीत मोठी विलक्षण आहे. लिसाबीने एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळे उभारली; आपल्याकडील इर्जिकीसारखाच तो प्रकार. कोणास संशय आला नाही. मग एके दिवशी त्याच मंडळांनी हत्यारे उचलली आणि गावोगावी बसलेले राजाचे इलारी कापून काढले; त्यांची संख्या सहाशेहून अधिक होती असे परंपरा सांगते. हे बंड अबिओदुनाच्या काळचे की त्याच्या वारसाच्या, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. अकिंजोगबिन यांच्यासारखे विद्वान म्हणतात की, अबिओदुनाने व्यापाराच्या नादात सैन्याकडे दुर्लक्ष केले. रॉबिन लॉ यांस हे साधे उत्तर पुरेसे वाटत नाही. राजधानीतील सत्तेची फूट त्यांस अधिक महत्त्वाची वाटते.

आमच्या अल्पमतीस या दुसऱ्या बाजूचे पारडे जड दिसते. चार खांबांची जी घटना आम्ही वर सांगितली, तिच्यातील सरदारमंडळाचा खांब गाहाने सडविला होता. अबिओदुनाने तो कापून टाकला, हे योग्यच केले. परंतु त्या जागी नवा खांब त्याने उभा केला नाही. गाहा मेला आणि त्याबरोबर राजास आवरणारी सत्ताही निस्तेज झाली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, प्रांतात राहणाऱ्या सेनापतीने फौज घेऊन राजधानीवर चालून यावे आणि तेथील सत्ता उलथून टाकावी, हे १७७४ साली प्रथमच सर्वांनी पाहिले. त्या वेळी सेनापती राजाच्या बाजूने आला होता म्हणून सर्वांस आनंद झाला. पण दाखला एकदा पडला म्हणजे तो कोणाच्याही उपयोगी पडतो. दप्तरात काम करणाऱ्यास हे अनुभवाने ठाऊक असते की, चांगल्या हेतूने केलेला अपवाद वाईट हेतूच्या अर्जास आधार म्हणून जोडला जातो.

तसेच झाले. १७८९ साली अबिओदुन मरण पावला. त्याच्यामागून आलेला अवोले सरदारांस व सेनापतीस दोघांसही नकोसा झाला. १७९६ च्या सुमारास काकान्फो अफोंजा व त्याचे साथी फौज घेऊन ओयोच्या वेशीशी येऊन बसले आणि अवोलेस मरणाचा निरोप गेला. मरण्यापूर्वी त्याने तीन दिशांस बाण सोडले आणि प्रजेस शाप दिला की, हे बाण जेथे जातील तेथे तुम्ही गुलाम होऊन जाल, अशी कथा आहे. अफोंजाने इलोरिन येथे आपले स्वतंत्र ठाणे केले, आणि १८१७ च्या सुमारास फुलानी व हौसा मुसलमानांची मदत घेतली; काही वर्षांनी त्याच मदतनिसांनी त्यास ठार केले व इलोरिन त्यांचे झाले. दाहोमीने १८२० नंतर खंडणी बंद केली. क्लॅपर्टन हा ब्रिटिश प्रवासी १८२६ साली कटुंगास पोहोचला, तेव्हा शहर उभे होते, पण राज्य मोडकळीस आले होते. १८३५ च्या सुमारास ओयो-इले ओस पडले. लोक दक्षिणेकडे अरण्याच्या कडेस आले आणि अबिओदुनाचाच पुत्र अतिबा याने तेथे नवे ओयो वसविले. अलाफिनची गादी त्या नव्या ओयोत आजही आहे. जुन्या राजधानीचे अवशेष नायजेरियाच्या एका राष्ट्रीय उद्यानात गवताखाली पडून आहेत.

आता शेवटची गोष्ट. या सर्व परंपरा ज्याने लिहून ठेवल्या तो सॅम्युअल जॉन्सन कोण? त्याचा बाप एरुगुन्जिन्मी हा अबिओदुनाचा नातू म्हणविला जात असे. ओयोच्या पडत्या काळात तो गुलाम म्हणून पकडला गेला, सुदैवाने सुटून सिएरा लिओनला पोहोचला. १८४६ साली तेथेच सॅम्युअलचा जन्म झाला. पहिला आफ्रिकन अँग्लिकन बिशप सॅम्युअल अजायी क्राउथर हाही १८२१ साली असाच पकडला गेला होता; त्याच्या आईचे कूळही अबिओदुनापर्यंत नेऊन भिडविले जाते. म्हणजे ज्या राजाने तो राजमार्ग निष्कंटक केला, त्याची स्वतःची नातवंडे-पतवंडे त्याच व्यापाराच्या तोंडी सापडली.

जॉन्सन धर्मोपदेशक म्हणून ओयोत राहिला. म्हाताऱ्या भाटांकडून व सरदारांकडून ऐकलेले त्याने वर्षानुवर्षे टिपून घेतले आणि १८९७ साली ग्रंथ पुरा केला. प्रकाशनासाठी पाठविलेले हस्तलिखित इंग्लंडात गहाळ झाले. १९०१ साली तो वारला. त्याचा भाऊ ओबादाया, जो वैद्यकीचा व्यवसाय करीत असे, याने टिपणांवरून सारा ग्रंथ पुन्हा लिहून काढला. तेही हस्तलिखित पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या जहाजाबरोबर अमेरिकेस जाऊन पोहोचले. अखेर १९२१ साली ग्रंथ छापला गेला. ओबादाया त्याच्या आदल्या वर्षीच निवर्तला होता. दोघा भावांपैकी एकानेही तो छापलेला पाहिला नाही.

पणजोबाचा सुवर्णकाळ पणतवाने लिहिला, म्हणून तो तावून सुलाखून घ्यावा, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु त्याच पणतवाने गाहाच्या क्रौर्याबरोबर आपल्या घराण्याची ऱ्हासकथाही टाळली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अबिओदुनाविषयी आमचे मत विचाराल तर ते असे : जुलमी प्रधानापुढे वीस वर्षे वाकलेल्या राज्यास त्याने पुन्हा ताठ उभे केले, ही त्याची थोरवी. ते उभे राहिले कशाच्या बळावर आणि आपल्या माघारी ते कोण सावरील, हे दोन प्रश्न त्याने विचारले नाहीत, ही त्याची उणीव. घरातली कवड्यांची पिशवी हाती घेतली म्हणजे या दोन्ही गोष्टी आम्हांस आता एकदमच आठवतात.